मयूरेश्वरच्या माळावर हॅम रेडिओ

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, हौसेखातर, दूरदूरच्या लोकांशी वायरलेसवर बोलणं. पुण्यात घरी चाळीस मीटरचा बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, लावला की आधी सोसायटी ऐकू येते. एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर, लिफ्ट, या सगळ्यांच्या खरखरीत एस-मीटरचा, म्हणजे येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा, काटा सात-आठच्या खाली उतरत नाही. संच घेऊन बाहेर पडायचं माझं खरं कारण हेच. लोक वॅट वाढवण्याच्या मागे असतात. पण आपलं बोलणं समोर पोचत असतं, त्याचं उत्तर आपल्यालाच ऐकू येत नसतं.

या हिवाळ्यात बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठलं. अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली घोषित झालेलं, चिंकाऱ्यांसाठी ओळखलं जाणारं. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत, तिथून उजवीकडे मोरगावच्या दिशेने. पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. जंगल म्हणून गेलात तर निराश व्हाल. गवताळ माळ, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. रेडिओला मात्र हेच हवं. डोंगर आडवा येत नाही आणि विजेच्या तारांपासून लांबची जागा मिळते.

निघण्याआधी परवानगी. नुसतं तिकीट काढून आत जाणं वेगळं आणि आत खांब उभारून वायर ताणणं वेगळं. वनखात्याच्या कार्यालयात साध्या मराठीत अर्ज दिला: संच कोणता, किती वॅट, अँटेना किती उंच, किती वेळ. सोबत हॅम परवान्याची प्रत जोडली. कुठे बसायचं ते त्यांनीच ठरवून दिलं, पाणवठ्यापासून दूर. तुमचा परवाना व्हीयू-टू (वरच्या श्रेणीचा) असो की व्हीयू-थ्री (मर्यादित श्रेणीचा), ठिकाणाबद्दल त्यात काय अटी आहेत त्या वाचूनच निघा आणि मूळ कागद गाडीत ठेवा. कानाला हेडफोन, हातात माईक आणि वर अँटेना असा माणूस माळावर दिसला की चौकशी होणारच. मला तर व्हायलाच हवी असं वाटतं.

सामान बेताचं होतं. वीस वॅटचा झीगू जी-९०, लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा व्होल्टची बॅटरी, दहा मीटरचा फायबरचा घडीचा खांब आणि वायर. आयकॉम ७०५ असेल तर वजन आणखी कमी होतं. बाहेरून वीज दिली की तो दहा वॅट देतो आणि माळावर तेवढे पुरतात. घरी बनवलेल्यांत हैदराबादच्या अशर फरहान यांच्या मायक्रो-बिटएक्सवर बाहेर काम करणारेही आहेत. संच विकत घेण्याइतके पैसे नसतील तर तो रस्ता चांगला.

अँटेनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगाच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या वायरींच्या अँटेनाची) एकूण लांबी मीटरमध्ये येते. १४.२ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे वीस मीटरच्या बँडला, साधारण दहा मीटर, म्हणजे एकेक बाजू पाच मीटरची. चाळीस मीटरच्या बँडला याच्या दुप्पट. मी वीस मीटर लांबीची, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर असलेली वायर नेली. ती चाळीस, वीस, पंधरा आणि दहा या चारही बँडवर चालते, त्यामुळे बँड बदलताना उठावं लागत नाही. झाडांवर काही टाकायचं नाही आणि अभयारण्याच्या जमिनीत खुंट्याही ठोकायच्या नाहीत. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून एक पट्टी करून घेतली आहे: गाडीचं चाक तिच्यावर चढवायचं आणि पट्टीला जोडलेल्या पाइपात खांब उभा करायचा. वायरचं खालचं टोक डोक्याच्या वर ठेवा आणि दर दोन-तीन हातांवर रंगीत फीत बांधा. धावणाऱ्या चिंकाऱ्याला किंवा खालून उडणाऱ्या पक्ष्याला बारीक काळी वायर दिसत नाही. गाडीसकट सगळं सामान हद्दीच्या आतच असलं पाहिजे. ‘पार्क्स ऑन द एअर’ या, उद्यानं-अभयारण्यांतून संपर्क साधायच्या हॅम मंडळींच्या उपक्रमाचा तो नियमच आहे. जागा त्यांच्या यादीत आहे का आणि तिचा क्रमांक काय, हे घरूनच बघून या.

संच लावला आणि एस-मीटरचा काटा खाली पडूनच राहिला. आधी वाटलं केबल निसटली. मग सात मेगाहर्ट्झवर केरळमधलं एक स्टेशन अगदी कुजबुजल्यासारखं, पण शब्दन् शब्द कळेल असं आलं.

सोबतीला दिलेले वनरक्षक बराच वेळ नुसते बघत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, इथं मोबाइलला धड रेंज नाही. तुमचं हे कुठवर लागतं?” म्हटलं, “दादा, बँड उघडा असला तर जपान.” पंधरा मीटरवर जपानी स्टेशन आलं तेव्हा हेडफोन त्यांच्या कानाला दिला. त्यांना बोलूनही बघायचं होतं, पण ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती माईक देता येत नाही. ते पटवताना थोडं अवघडायला झालं.

वेळेचं गणित असं. सकाळी चाळीस मीटरवर देशातली स्टेशनं मिळतात. ऊन वर आलं की त्या बँडचा जोर ओसरतो आणि मग पंधरा किंवा दहा मीटरवर पूर्वेकडे ऐकायचं. दुपारी दीड-दोननंतर युरोप जागा होऊन बसलेला असतो. वीस मीटरवर युरोप खरा रंगतो संध्याकाळी, पण तेव्हा बाहेर पडायची वेळ झालेली असते. त्यासाठी थांबायची हुज्जत घालू नका.

या उपक्रमात तुमचं अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे त्या जागेवरून संच चालवणं, धरलं जायला एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात किमान दहा संपर्क लागतात. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे दिवसभर बसलात तरी तारीख एकच राहते. लॉगमधली, म्हणजे संपर्कांच्या नोंदींमधली, वेळ मात्र यूटीसीतच लिहा, साडेपाच तास वजा करून. आपण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहोत ते उपक्रमाच्या साइटवर टाकलं (याला स्पॉट म्हणतात) की हंटर, म्हणजे अशा जागांशी संपर्क साधायला टपलेले हॅम, आपणहून येतात. फोनला नेट नसेल तर घरी बसलेल्या मित्राला एसएमएस करा, तो टाकेल. मोर्स येत असेल तर आणखी सोपं: आदल्या दिवशी साइटवर नोंद करून ठेवली की तुमचा सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ ही साद, ऐकणारी स्वयंचलित स्टेशनं स्पॉट टाकून देतात. एफटी-८, म्हणजे लॅपटॉपवरून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत, करणार असाल तर लॅपटॉपचं घड्याळ निघण्याआधी जुळवा. पंधरा-पंधरा सेकंदांच्या खेपांत एक-दोन सेकंदांचा फरकही भोवतो. नेट नसेल तिथे जीपीएसवरून वेळ घ्यावी.

सावली नाही, हे गृहीत धरूनच जा. गाडीच्या मागच्या दाराला चादर बांधली की स्क्रीन दिसतो. पाणी घरून न्या, गाणी लावू नका, संचाचा आवाज हेडफोनमध्येच ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मार्चनंतर माळ इतका तापतो की माणसाआधी लॅपटॉप बंद पडतो. आणि लॉग आपणच अपलोड करायचा असतो, हंटरला काही पाठवावं लागत नाही. तुम्ही आळस केलात तर त्या बिचाऱ्यांचाही संपर्क धरला जात नाही, तेव्हा घरी पोचल्यावर अंघोळीआधी ते उरका.