परतीच्या तिकिटावरचा आठवडा

गरोदर बाईने विमानाने परदेशी जावे की नाही, हा प्रश्न आमच्या सोलापुरात अजूनही "कितवा महिना?" एवढ्या एका चौकशीवर निकाली निघतो. विमान कंपन्या मात्र आठवडे मोजतात, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. यजमान कामानिमित्त जर्मनीत असल्याने मी काही आठवडे फ्रँकफर्टला जाऊन बाळंतपणासाठी माहेरी परतायचे, असे ठरले तेव्हा घरातली सगळी चर्चा जाण्याच्या तारखेवर चालली होती. माझ्या मते ठरवायची असते ती परतीची तारीख.

एकच बाळ असेल आणि गुंतागुंत नसेल, तर बहुतेक कंपन्या साधारण ३६ आठवड्यांपर्यंत प्रवास करू देतात. जुळे असल्यास ही मर्यादा बहुधा ३२ आठवड्यांवर येते. मात्र २८ आठवड्यांच्या आसपास अनेक कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागू लागतात, आणि त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख, बाळ एकच आहे की जुळे, आणि प्रवासास हरकत नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. शिवाय हे पत्र प्रवासाच्या अगदी अलीकडचे लागते. म्हणजे सोलापुरातून निघताना घेतलेले पत्र परतताना शिळे झालेले असते, आणि परक्या देशात, आपला एकही जुना कागद न पाहिलेल्या डॉक्टरांकडे पैसे मोजून नवे पत्र घ्यायची वेळ येते. म्हणून मी परतीचा दिवसच २८ आठवड्यांच्या आत बसवला आणि तारीख बदलता येईल असे थोडे महाग तिकीट घेतले. सासऱ्यांना तो खर्च अनाठायी वाटला. आत्याबाई मात्र डोहाळजेवणाला सून घरी असणार म्हणून खूश झाल्या. नियम प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत, एजंटच्या "काही होत नाही, मॅडम" वर विसंबू नये.

रेल्वे लाइन्समधल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी विमानाबद्दल बोलण्याआधी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागितला, रक्तदाब तपासला आणि सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे आहे ते पुन्हा पाहिले. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, त्यामुळे प्राणवायू काहीसा कमी मिळतो. निरोगी आईला त्याचा त्रास होत नाही आणि पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिनच अशा घडणीचे असते की कमी प्राणवायूतही ते आपला वाटा ओढून घेते. परंतु आईचे रक्त फारच कमी असेल, रक्तस्राव होत असेल किंवा वार खाली असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे रक्त कमी असणे इतके सर्रास आहे की ही तपासणी केवळ औपचारिकता म्हणून उरकू नये.

खरे दमवणारे अंतर होते ते सोलापूर ते मुंबई. पुण्यापर्यंत गाडीने आणि पुढे द्रुतगती मार्गाने, हा दिरांचा बेत मी मोडून काढला, कारण गाडीत उठून फिरता येत नाही आणि स्वच्छतागृह हवे तेव्हा सापडत नाही. वंदे भारतने सकाळी निघून कल्याणला उतरले, मावशीकडे जेवून दुपारभर आडवी झाले आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी रात्री मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचले. तिकिटासोबतच व्हीलचेअर मागून ठेवली होती. "धडधाकट बाई चाकाच्या खुर्चीत?" असे भाऊजी म्हणाले खरे, पण इमिग्रेशनची ती रांग पाहिल्यावर त्यांचेही मत बदलले असते.

विमानात मुख्य काळजी पायांची असते. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते, त्यात तासन्‌तास बसून राहिल्याने पोटरीतल्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणून मार्गिकेकडची जागा, मापाचे दाबमोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज), अधूनमधून फेरी, बसल्या जागी घोटे फिरवणे आणि भरपूर पाणी. हे मोजे घरीच, पाय सुजण्यापूर्वी घालावेत. आयत्या वेळी विमानतळाच्या स्वच्छतागृहात वाकून ते चढवणे म्हणजे वेगळीच कसरत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवर बसेल असा बांधावा. आदल्या दिवशी राजमा, छोले आणि सोडा टाळावा, कारण उंचीवर पोटातला वायू फुगतो.

विम्याबद्दल कमी बोलले जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते आणि ते घेतले की आपण निश्चिंत होतो. पण अनेक प्रवासी पॉलिसी गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळतात किंवा जिवावर बेतल्यासच देतात, आणि अवेळी जन्मलेल्या बाळाचा खर्च हा तर आणखी वेगळा विषय असतो. विमा विकणाऱ्याला हे थेट विचारावे आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे. मी तसे केले, तेव्हा पहिली पॉलिसी सोडून दुसरी घ्यावी लागली.

सामानाचा घोळ शेवटपर्यंत चालला. आईने साजूक तुपाची बरणी आणि पेढे बांधून ठेवले होते, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणि मांस आत नेता येत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत गेल्या. हातातल्या पिशवीत गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि सोनोग्राफीपासून रक्तगटापर्यंतची सगळी फाईल ठेवली. तूप सासूबाईंनी ठेवून घेतले; पेढे कल्याणला मावशीकडे संपले.