पाकीट उलटं करून बघा
आज महिन्याचं सामान भरायला आईला घेऊन सुपरमार्केटात गेले. या वेळी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं, स्वस्तातलं सामान घेऊन बघायचं ठरवलं होतं. मीठ, साखर, साबुदाणा लगेच टोपलीत गेले.

पोह्यांपाशी आई अडली. पाकीट उभं धरून दोनदा आपटलं, तर तळाशी दोन बोटं भुगा जमला. "भिजवले की लगदा होणार," म्हणाली आणि परत ठेवलं. तूरडाळ मात्र तिच्या मनात भरली. दाणा एकसारखा, फार चकचकीत नाही. घरी आल्या आल्या वाटीभर लावली, तीन शिट्ट्यांत मऊ शिजली. आता हीच आणणार.

वाईट वाटलं ते नाचणीच्या बिस्किटांचं. पुढे मोठ्या अक्षरांत नाचणी. मागे पहिला मैदा, मग साखर, पाम तेल आणि त्यानंतर नाचणी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं तेच सगळ्यात जास्त. लेकीच्या डब्यासाठी मी हीच किती विश्वासाने नेत होते!

तेल घेताना तर नक्की बघा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारची तेवढीच दिसणारी, स्वस्त पिशवी 750 ग्रॅमची निघाली. पाकिटावर बारीक अक्षरांत ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं, ते वाचा.

हळद-तिखटाकडे आई वळलीच नाही. ते आमच्याकडे अजूनही उन्हाळ्यात डंकावरूनच येतं.