पाखाडीचं पाणी

जुलैत दापोलीला जाऊ नकोस, असं घरच्यांनी बजावलं होतं. मी गेलेच. मुरुडचा किनारा, दुर्गादेवीचं देऊळ एका दिवसात पाहून झालं. लिहायचंय ते दुसऱ्या दिवशी एका पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, घालवलेल्या तासाबद्दल.

मुक्काम जवळच्याच एका वाडीत होता, डोंगरउतारावर. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पाहते तर पडवीत घोटाभर पाणी आणि घरच्या काकू ते खराट्याने बाहेर लोटतायत. मीही दुसरा खराटा घेतला.

"पाखाडीवर सिमेंटचे ब्लॉक बसवल्यापासून हे असं," त्या म्हणाल्या. "चाळीस पावसाळे काढले या घरात, उंबऱ्याला कधी पाणी लागलं नव्हतं. चल, दाखवते तुला."

पाखाडीचा वरचा टप्पा अजून जांभ्याच्या लाल चिऱ्यांचा आहे. पायरी बाजूला कललेली, जेमतेम बोटभर. कडेला चिऱ्यांचीच पन्हळ. दहा-बारा पायऱ्यांमागे एक चिरा मुद्दाम तिरका बसवलेला. वरून लाल पाणी खळाळत यायचं, त्या चिऱ्याला थटून वळायचं आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भोकातून आगरात, माडांच्या बुडाशी उतरायचं. सांध्यांत सिमेंट नाही, माती आहे. उरलंसुरलं तिथे मुरतं. वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या माणसांनी हे बांधलंय. खाणीतून काढलेला जांभा मऊ असतो तोवर तासायचा, मग हवेवर तो टणक होतो. किती पिढ्यांनी भारे वाहिले असतील त्यावरून! पायरीच्या मधोमध खळगा पडलाय.

मुरुड वसवलं तेव्हा आधी मधला रस्ता आखला आणि मग दोन्ही अंगांना घरं बांधली, असं परंपरा सांगते. याच गावचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्यांनी गावासाठी काढलेला 'मुरुड फंड' जास्त मोठा वाटतो. गावाचं काम गावाने आपलं म्हणून करायचं, ही त्यामागची भावना.

खाली ब्लॉक सुरू होतात तिथे पन्हळ काँक्रीटखाली गाडली गेलीय. तिरका चिरा काढून टाकलाय. पाण्याला मोकळी वाट उरली ती काकूंच्या अंगणाची. काम करताना त्यांना एका शब्दाने कुणी विचारलं नाही, याचा मला अतोनात राग आला.

आणि लाजही वाटली. माहेरच्या अंगणात चिखल नको म्हणून ब्लॉकचा हट्ट मीच धरला होता. तेव्हापासून पावसाचं पाणी थेट रस्त्यावर जातं, विहिरीच्या बाजूला थेंब मुरत नाही.

दुपारी काकूंच्या मुलाने पहार आणली. आम्ही कडेची एक ओळ उचकटली, खालचं काँक्रीट फोडलं. पन्हळ शाबूत होती. आतला गाळ हातांनी काढला तसं पाणी आधी गढूळ, मग भराभर आगराकडे वळलं. काकू तिथेच पावसात बसून राहिल्या.

रात्री भावाला फोन केला. गणपतीला येते, पहार काढून ठेव म्हटलं.