चौथ्या दिवशी खारघरचा चढ

कर्जतजवळच्या कशेळ्याला तिसऱ्या मुक्कामी पोचल्यावर बहिणीने हातपायही धुतले नाहीत. बॅटरीच्या उजेडात सायकलच्या पुढच्या ब्रेकचे पॅड काढले आणि माझ्यापुढे धरले. माळशेज उतरताना पार झिजून पत्र्याला आले होते. "दादा, उद्या सपाट आहे, चालतील, असं म्हणू नकोस. खारघर चढायचं तसं उतरायचंही आहे." मी तेच म्हणणार होतो.

आमची सायकल शर्यत कुणी भरवलेली नव्हती. ठाण्या-नेरूळच्या चार जोड्यांनी मिळून आखलेली, चार दिवसांची. जुन्नरहून निघायचं, माळशेज उतरून मुरबाड, म्हसा करत कशेळं गाठायचं आणि शेवटच्या दिवशी कर्जत, चौक, पनवेलवरून खारघरच्या टेकडीवर संपवायचं. दोन नियम ठरले होते. एक दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिककडून घेतला. २००४ पासून होणारी ती आठ दिवसांची सायकल शर्यत दोघांच्या जोडीने करतात आणि जोडीदारांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडून चालत नाही. दुसरा नियम आमचा: घड्याळ फक्त कच्च्या वाटेवर आणि चढावर चालू, हायवेवर बंद. हा दुसरा नियम कुणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं. कंटेनरशी शर्यत लावून कुणी काही कमावत नाही.

शेवटचा दिवस ६०-६५ किलोमीटरचा. कागदावर तो सगळ्यात सोपा दिसतो, पण तोवर मांड्या भरून आलेल्या असतात, सीटवर बसवत नाही आणि सायकलचा प्रत्येक भाग तीन दिवसांची धूळ खाऊन बसलेला असतो. सीटच्या जखमांवर उपाय पहिल्याच संध्याकाळी सुरू करायचा: पोचल्याबरोबर ओली चड्डी बदलायची, साबणाने धुवून अंग कोरडं करायचं, सकाळी व्हॅसलीन. चौथ्या दिवशी आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

पावणेसातला निघालो, अजून उजाडत होतं. कशेळ्याच्या पुढे काही अंतर शेतातली गाडीवाट धरली. तिथल्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं, तुम्हीही विचारा. पाऊस नसताना जानेवारीत चिखल कुठून येणार, असं वाटेल. पण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या बाजूच्या पेज नदीला आणि राजनाला कालव्याला मिळतं, आणि त्यावर इथे उन्हाळी भात होतो. आम्ही गेलो तेव्हा खाचरांत पाणी सोडलेलं होतं आणि वाट जागोजागी फुटलेली. ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२, मागे २४ पीएसआय हवा ठेवली होती (वजन ७० किलोच्या आसपास असेल तर एवढी पुरते), त्यामुळे घसरलो नाही. चिखल मात्र साखळीत, गिअरच्या दात्यांत, सगळीकडे जाऊन बसला.

कर्जतला वडे खाल्ले, टायर ३५ पर्यंत भरले. बहीण म्हणाली, "साखळी धुऊन घेऊ, दहा मिनिटं लागतील." पुढे हायवे, म्हणजे घड्याळ बंद, वेळेचा प्रश्नच नव्हता. तरीही मी नको म्हणालो, ऊन चढायच्या आत टेकडी गाठायची होती. ही माझी चूक.

कर्जत-चौक रस्ता चांगला आहे, वाहनंही बेताची. चौकजवळ इर्शाळगड दिसायला लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली आणि ठाकर आदिवासींची ती वाडी ढिगाऱ्याखाली गेली. आम्ही दोघंही तिथे थोडा वेळ उतरून उभे राहिलो. त्याच डोंगराच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. नेरूळच्या आमच्या नळाला येतं ते पाणी इथलं.

चौक ते पनवेल जुना हायवे. पळस्पे फाट्याला गोव्याकडून येणारी आणि जेएनपीटी बंदराची अवजड वाहनं एकत्र येतात, तिथे रांग करून डावीकडून चला. कळंबोली सर्कलला तर उतरून सायकल हातात घेऊनच रस्ता ओलांडा. तिथेच एक्स्प्रेसवे सुरू होतो, त्यावर सायकलला बंदी आहे, आणि घाईत चुकीचा फाटा धरला जाऊ शकतो. पनवेलला पोटभर जेवू नका. केळी, खजूर, मीठ-साखरेचं पाणी, एवढंच. नंतर दर अर्ध्या तासाला एक चिक्की, भूक असो वा नसो.

टेकडीच्या पायथ्याला पोचायला बारा वाजले. हे मी पुन्हा करणार नाही. तिसरा मुक्काम कर्जतला ठेवा, म्हणजे दहाच्या आत चढाला लागाल. वर पाण्याची सोय धरून चालू नका, प्रत्येकी दीड लिटर खालूनच भरून घ्या. पावसाळ्यात तर हा बेतच नको: पांडवकडा धबधबा आणि टेकडीच्या परिसरात त्या दिवसांत बंदी असते आणि तिला कारण आहे, तिथे माणसं वाहून गेली आहेत.

चढ पाच-सहा किलोमीटरचा, डांबरी, वळणावळणांचा. एरवी रविवारी सकाळी आम्ही गप्पा मारत चढतो. त्या दिवशी पहिल्याच वळणावर सगळ्यात हलका गिअर संपला. दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, सावली नाही, हँडलवर घामाचे थेंब. बहीण पुढे होती, दर वळणावर मागे बघत होती. अर्ध्यावर माझी साखळी कटकट करू लागली, मी उभा राहून जोर लावला आणि ती तुटली.

बहीण वळून खाली आली. काही बोलली नाही. तिच्या पिशवीत साखळी तोडायचं हत्यार होतं, तुटलेली साखळी सांधायची जोडकडी होती, हातमोजेही होते. वाकलेली कडी काढली, नवी बसवली, मागचा ब्रेक दाबून पॅडलवर भार दिला तशी ती कट्कन बसली. एकूण नऊ मिनिटं. तेवढ्यात दोन जोड्या पुढे गेल्या. जोडकडी घेताना आपल्या साखळीचीच घ्या: अकरा गिअरची कडी बारा गिअरला चालत नाही. आणि एक नव्हे, दोन ठेवा.

पुढचा चढ आम्ही शेजारी-शेजारी चढलो. वर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. माणसं डोक्यावर ओझं घेऊन याच रस्त्याने जातात, तिथे वेग कमी करा, घंटी वाजवून त्यांना बाजूला सारू नका. पठारावर पोचलो तेव्हा खाली खारघरच्या इमारती उन्हात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. चार जोड्यांत आम्ही तिसरे. मी म्हटलं, "माझ्यामुळे गेलं." ती म्हणाली, "कर्जतला मीही हट्ट धरला नाही." उतरताना नव्या पॅडवर ब्रेक असे लागत होते की दोन बोटं पुरली.

नेरूळला घरी पोचलो तर आईने दारातच अडवलं, "आधी त्या सायकली धुवा." बादली, मग, जुना टूथब्रश घेऊन बसलो. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो. साखळीतून भाताच्या खाचरातला काळा चिखल निघत राहिला, आणि बहीण नळ सोडत राहिली.