आमची वाटचाल : एका बाटलीने शिकवलेलं

आम्ही दोघं पार्टनर, दोघंही केमिस्ट्रीवाले. खाद्यपदार्थ तपासायची लॅब काढली, सुरुवात एका खोलीत, एक ओव्हन, एक तराजू, ओलावा-राख-फॅट एवढ्याच टेस्ट. भारी मशीन घेतलं की लॅब भारी होते असं वाटायचं, म्हणून हातात पैसे आले ते सगळे एचपीएलसीत घातले, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनमध्ये. मग अ‍ॅक्रेडिटेशनसाठी, म्हणजे लॅबच्या अधिकृत मान्यतेसाठी, आयएसओ १७०२५ हे लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक वाचायला घेतलं, २०१७ ची आवृत्ती, तर त्यात मशीनच्या किमतीशी कुणाला काही देणंघेणंच नाही, टेस्ट कोणी केली, त्याला ती येते कशावरून, तराजूचं कॅलिब्रेशन कधीचं, आकड्यात अनिश्चितता किती, हेच सगळं. आणि मान्यता अख्ख्या लॅबला मिळत नाही हो, स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, लिहिलेल्या टेस्टपुरतीच मिळते, हे कस्टमरला अजूनही रोज समजावतो. तसंच साल्मोनेला या रोगजंतूचं, रिपोर्टवर 'आढळला नाही' म्हणजे त्या २५ ग्रॅममध्ये आढळला नाही, गोदामातल्या मालाची गॅरंटी आम्ही कुठून देणार?

खरी झोप उडाली ती अफ्लाटॉक्सिनच्या (बुरशीतून धान्य-शेंगदाण्यात येणारं विष) प्रोफिशियन्सी टेस्टिंगला, म्हणजे लॅबच्याच परीक्षेला. यात एकच नमुना बऱ्याच लॅबना जातो आणि तुमचा आकडा ठरलेल्या किमतीपासून किती लांब ते झेड स्कोअरवर कळतं, २ च्या आत पास, ३ च्या पुढे नापास. आमचा आला अधिक ३.४. मशीन तपासलं, कॉलम बदलला, पोरांवर ओरडून झालं (चुकलंच ते माझं), शेवटी सापडलं काय तर स्टँडर्डचं सोल्युशन (अफ्लाटॉक्सिन किती ते माहीत असलेलं, ज्याच्याशी नमुना ताडतात ते) साध्या पारदर्शक बाटलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. अफ्लाटॉक्सिन उजेडात खराब होतं, म्हणजे लेबलवर होतं त्यापेक्षा बाटलीत कमी उरलेलं, आणि त्याच्याशी ताडून बघितलेला प्रत्येक नमुना जास्त दाखवणार.

मग त्या बाटलीच्या भरवशावर दिलेले सगळे जुने रिपोर्ट काढले, ठेवलेले नमुने परत चालवले आणि एकेका कस्टमरला स्वतः फोन केला, एकाचा चांगला माल आमच्या आकड्यामुळे परत गेला होता, तो जे बोलला ते इथे लिहीत नाही, गिऱ्हाईक तुटलं ते कायमचंच.

आता स्टँडर्ड तपकिरी बाटलीत, फ्रीजरमध्ये, वर उघडल्याची तारीख आणि सही. पुढच्या राउंडला झेड ०.६ आला, पार्टनर म्हणाला फ्रेम करून लावूया, म्हटलं आधी त्या खिडकीला पडदा लाव, तीन महिने नुसता बोलतोयस.