तुम्ही विचारलंत म्हणून: चित्राचा विषय कसा ठरतो?

प्रदर्शनात कुणी ना कुणी चित्रापुढं थांबतं आणि विचारतं, "हे विषय तुम्हाला सुचतात कसे?" तिथल्या गडबडीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी जलरंगात काम करते. विषय शोधायला म्हणून मी बाहेर पडत नाही, उजेड बघायला पडते. मेणवलीचंच घ्या. वाईजवळचा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट. शिकत असल्यापासून तिथं जातेय. सुरुवातीला सगळ्यांसारखीच देवळाकडं तोंड करून बसायचे. चित्रं चांगली व्हायची, विकलीही गेली, पण ती कुणीही काढली असती. एकदा थंडीत सकाळी रंग आवरत होते. एक बाई धुणं आटपून नुकत्याच गेल्या होत्या. पायरीवर ओल राहिली होती. दगडाचा कोरडा भाग राखाडी, ओला जवळजवळ काळा, आणि त्या काळ्यात आभाळाची एक फिकट निळी पट्टी. कडेनं ओल वाळत चालली होती. आवरलेले रंग पुन्हा काढले. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, तिथं कागदच कोरा राखायचा असतो. मी ती पट्टी राखली आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवत गेले. देऊळ त्या चित्रात आलंच नाही.

तरी डोळ्यांत भरलेलं सगळंच विषय होत नाही. घरी आले की मी फोटो उघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं आठवून काढते. सावली कुठं पडली होती आणि सगळ्यात गडद काय होतं, एवढं हाताला आठवलं तर तो विषय माझा. नाही आठवलं तर दृश्य कितीही देखणं असो, सोडून देते.

काय काढायचं नाही, हेही ठरवावं लागतं. फुटपाथवर झोपलेलं माणूस, हात पसरलेली म्हातारी. अशी चित्रं लोकांना भिडतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला विचारलेलं नाही त्याची लाचारी मी कागदावर घेणार नाही. यावर माझं मित्रांशी भांडणही झालंय.

"तेच तेच काढून कंटाळा येत नाही का?" हाही प्रश्न असतोच. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवा. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी त्या तळ्याची किती चित्रं काढली! तळं एकच, पण वेळ बदलली की पाणी बदलतं. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. कामावर जाणारी माणसं, लोकल, चाळी-इमारती, म्हणजे आपण ज्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही ते सगळं त्यांच्या चित्रांत उभं राहिलं. ही दोन नावं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. विषय लांब असतो असं वाटून मुलं उगाच हिमालयाची तिकिटं काढतात.

माझा सगळ्यात जुना विषय आमच्या मोरीत आहे. आईचा तांब्याचा बंब. आता त्यात कुणी पाणी तापवत नाही, पण मोडीत द्यायला मी दिला नाही. दुपारी तीनच्या सुमाराला झरोक्यातून ऊन येतं आणि बंबाच्या पोटावर झरोक्याचे गज वाकडे होऊन उमटतात. तोटीखाली, आई चिंचेनं घासायची तिथं, तांबं अजून लालसर आहे. बाकी सगळं काळवंडलंय. सात वेळा काढला. लाल जमतो, गजही जमतात. बुडाची काजळी मात्र हाती लागत नाही. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून काळा येतो, पण तो थंड वाटतो. आईच्या चुलीजवळचा काळा उबदार होता. आठवा कागद कालच ताणून ठेवलाय.