अर्धी काळी, अर्धी चकचकीत

गाडीचा स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी टाकून इंधन पेटवणारा प्लग, काढताना तुटला की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर छिन्नी-हातोडी घेऊन हेडवर, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागावर, तुटून पडतात, नाहीतर शेठला फोन लावतात. फळबाजाराच्या पार्किंगमधल्या त्या पोराने शेठला फोन लावला, म्हणून इंजिन वाचलं. त्याच्या पगाराचं मात्र काही खरं दिसत नव्हतं.

आंब्याचा सीझन होता. नवी मुंबईच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, पाय ठेवायला जागा नाही, असे दिवस. माझं गॅरेज तुर्भ्यातच, त्यामुळे बाजारातल्या गाड्यांचे फोन उजाडायच्या आत सुरू होतात. या शेठचा फोन आला तो तापूनच. “उस्ताद, जरा जाऊन बघा. आमच्या हिरोने मोबाइलवर बघून इंजिन खोललं आणि प्लग तोडून बसलाय. मागे हापूस भरलाय, ठाण्याला माल पोचवायचाय. जो खर्च होईल तो त्याच्या पगारातून कापतो.”

गाडी म्हणजे छोटा सीएनजी टेम्पो. चार सिलिंडर, इंजिन सीटखाली. सीट उलटी करून ठेवलेली, शेजारी नवाकोरा टी-पाना, आणि पोरगा अपराध्यासारखा उभा. जुन्नरकडचा, मिसरूड फुटलेला.

“काका, ऐरोलीपासून गॅसवर मिसिंग मारत होती. पेट्रोलवर टाकली की एकदम बरोबर. म्हटलं प्लगच असणार.”

निदान शंभर टक्के बरोबर होतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. प्लग झिजला, त्याच्या टोकांमधली गॅप वाढली, की पेट्रोलवर निभावून नेणारी गाडी गॅसवर झटके मारायला लागते. कित्येक मेकॅनिक अशा वेळी आधी गॅस किटला हात घालतात. या पोराने न शिकता बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. पण गाडी थांबवल्याबरोबर तापलेल्या इंजिनावर पाना लावला. अल्युमिनियमचं हेड गरम असताना मऊ असतं, प्लग ओढला तर आटे सोलून हातात येतात. इथे आटे आले नाहीत. प्लगची मानच मोडली. षटकोनी डोकं पान्यात आलं आणि आट्यांचा भाग हेडात अडकून राहिला.

ड्रायव्हरने स्वतः पाना हातात घेऊ नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. बेल्ट, फ्यूज, बल्ब, एअर फिल्टर, प्लग ही कामं पार्किंगमध्ये बिनधास्त करावीत. फक्त प्लगला हात लावायचा तर इंजिन गार हवं, आणि बाजारात गार व्हायला वेळ कोण देतो?

पहिल्यांदा मी सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, बॅटरीची वायर काढली. मग तो तुटलेला वरचा भाग मागितला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला काढून दिला. फेकला नव्हता, हे फार बरं झालं. प्लगच्या आतली चिनीमातीची दांडी पूर्णच्या पूर्ण त्या डोक्याबरोबर आली होती. नवीन प्लगशेजारी धरून पाहिली, टोक शाबूत होतं. म्हणजे सिलिंडरमध्ये काही पडलेलं नव्हतं. चिनीमातीचा तुकडा आत पडला तर तो चुंबकाला लागत नाही, आणि तसंच इंजिन फिरवलं तर सिलिंडरला ओरखडे पाडतो.

तेवढ्यात मोडलेल्या कडेवर नजर गेली. बांगडीसारखी गोल कड. तिचा एक बाजूचा भाग ताज्या पोलादासारखा चकचकीत, दाणेदार, आणि उरलेला काळाकुट्ट. मी नखाने खरवडून पाहिलं. काजळी मोडलेल्या जागेवर बसलेली होती. पोराने प्लग तोडला त्याला तासही झाला नसेल. तासाभरात, तेही बंद इंजिनात, एवढी काजळी कुठून येणार? मान आधीच अर्धी चिरलेली होती. पोराने उरलेली अर्धी मोडली, एवढंच.

टॉर्च लावून भोकात उजेड टाकला. प्लगखाली जो वायसर असतो तो नाही. डोक्याला चिकटलेला नाही, भोकात पडलेला नाही, कुठेच नाही. बसायच्या जागेवर काजळीचं कडं. मागच्या वेळी ज्याने प्लग बसवला त्याचा वायसर राहिला, मग सिलिंडरमधला गॅस लीक होतोय म्हणून त्याने पाना ताणून ताणून आवळला असणार. चौदा एमएमच्या प्लगला अल्युमिनियम हेडात २५ ते ३० न्यूटन मीटर एवढा आवळण्याचा जोर पुष्कळ झाला. त्यापुढे मान ताणली जाते. आणि लीक होणाऱ्या गॅसची काजळी आट्यांत जाऊन बसली की प्लग हेडाशी एकजीव होतो.

मी फोटो काढून शेठला पाठवला. तोवर तुटक्या आट्यांवर आटे सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं आणि बसलो. हा भाग लोकांना सहन होत नाही. पलीकडच्या ट्रकचा क्लीनर येऊन म्हणाला, “गॅस कटरने जरा तापवा ना उस्ताद, लगेच सुटेल.” सीएनजीच्या गाडीला, सीटखाली! त्याला म्हटलं, तुझा ट्रक आधी लांब लाव, मग बोल.

अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं २००४ ते २००८ मधलं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हचं इंजिन याच दुखण्यासाठी बदनाम आहे. तिथे प्लगच दोन तुकड्यांचा, खालचा भाग काजळीने धरला की वरचा तेवढा सुटून येतो. त्यावर कंपनीनेच सांगितलेली पद्धत अशी, की प्लग किंचित सैल करायचा, भोकात कार्ब क्लीनर, म्हणजे काजळी सोडवणारं द्रव, ओतायचा, थांबायचं, मग मागेपुढे करत काढायचा. तिकडेही शेवटी थांबायचंच!

इंजिनाला हात टेकवता येईल इतकं ते गार झालं, तेव्हा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पाइप ओढून भोकातला कचरा उडवला. मग ईझी-आउट घेतला, तुटून अडकलेले आटे आतून धरून काढायचं हत्यार. पिळाचा नाही, चौकोनी निमुळता. पिळाचा ईझी-आउट आत जाताना पातळ नळी फाकवतो आणि ती हेडात अजून घट्ट बसते. चौकोनी कडा फक्त धरतात. त्यावर चिकटपट्टीने खूण केली, कारण नळीच्या तळाशी प्लगचं वाकडं टोक असतं. ईझी-आउट जास्त खाली गेला तर ते तुटून आत पडणार.

हलकी टिचकी मारून बसवला. उलटा फिरवला, हलेना. किंचित आवळायच्या दिशेने दाबला, परत उलटा. कर्र आवाज आला आणि आटे सुटले. पोरगा नकळत “आई शप्पथ” म्हणून गेला. पुढे नळी हाताने फिरत बाहेर आली, टोकासकट.

मग इंधन आणि ठिणगी बंद राहावी म्हणून इंजेक्टर आणि कॉइलच्या पिना काढल्या, बॅटरी जोडून स्टार्टर दोन-तीन गचके फिरवला, म्हणजे उरलीसुरली काजळी भोकातून बाहेर फेकली जाते. पोराला तोंड बाजूला घ्यायला सांगितलं. नवीन प्लगच्या शेंडीला रबरी पाइपचा तुकडा लावून तो बसवायला त्याच्याच हातात दिला. आटा वाकडा लागला तर पाइप निसटतो, हेडाचं नुकसान होत नाही. बोटांनी टेकेपर्यंत, मग नवीन वायसर दबायला पान्याने अर्धा फेरा. तो अजून आवळायला गेला, मी हात धरला.

“बाकीचे तीन पण काढू का काका?”

“अजिबात नाही. तेही त्याच माणसाने बसवलेत.”

चालू केल्यावर भसकन धूर आला, पोरगा दचकला. आत गेलेलं तेल जळत होतं, थोड्या वेळात थांबलं. ठाण्यापर्यंत पेट्रोलवरच जा म्हणून बजावून त्याला सोडला.

गाडी रात्री माझ्याकडे लावून घेतली आणि सकाळी गार इंजिनावर उरलेले तीन काढले. दोन सरळ आले. तिसऱ्याला पुन्हा तेल आणि बैठक. त्याच्याखालीही वायसर नव्हता.

शेठने फोटो बघून आधीच्या गॅरेजवाल्याला काय ऐकवलं ते मला कळलं नाही. मला फोन आला तो बिलासाठी. “उस्ताद, पोरगा म्हणतो आटे तर मिनिटभरात सुटले. मग एवढी मजुरी कसली?” मागून पोराचा आवाज आला, “शेठ, त्याच्याआधी दीड तास बसलो होतो की!”

पगारातून त्याचा एक रुपया कापला गेला नाही. माझ्या बिलातून मात्र शंभर कापूनच पैसे आले.